मिलिंग मशीनला बदलत्या वेगाची मोटर: घरगुती कार्यशाळेतील एका बदलाचे प्रकरण

या प्रकरणातील यंत्र म्हणजे बाकावर बसणारे, डव्हटेल खांबाचे लहान उभे मिलिंग मशीन. त्याला मूळची एक-फेज, २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर चालणारी ०.७५ किलोवॅटची, म्हणजे साधारण एका अश्वशक्तीची कॅपॅसिटर-स्टार्ट मोटर होती. मोटर आणि स्पिंडल (कटर धरून फिरवणारा दांडा) यांच्या मध्ये पायऱ्यांची आणखी एक पुली होती, आणि दोन व्ही-पट्ट्यांच्या जागा बदलून स्पिंडलला मिनिटाला १३०, २१०, ३४०, ४८०, ७२०, १०५०, १५०० आणि २१०० फेरे असे आठ वेग मिळत. वेग बदलायचा म्हणजे वरचे झाकण उघडायचे, दोन बोल्ट ढिले करायचे, पट्टे हलवायचे आणि पुन्हा ताणायचे. या कामाला तीन-चार मिनिटे लागत. पण त्रास तेवढ्या वेळाचा नव्हता. त्या तीन-चार मिनिटांच्या कंटाळ्यामुळे मी बहुतेक कामे आधी लावलेल्या वेगावरच उरकत असे, आणि त्याची किंमत कटर मोजत असे.

हे आकड्यांत पाहू. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटरने माइल्ड स्टील कापताना कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. मीटरमधल्या या वेगाला १००० ने गुणून, पाय (π, सुमारे ३.१४) आणि कटरचा मिलिमीटरमधला व्यास यांच्या गुणाकाराने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात. १२ मिलिमीटरच्या एंड मिलला (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरला) हे उत्तर ६६३ येते. यंत्रावर त्याच्या अलीकडे ४८० आणि पलीकडे ७२० आहे. ७२० हा आकडा जवळचा वाटतो, फरक नऊ टक्क्यांच्या आतला आहे. परंतु फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणानुसार हत्याराचे आयुष्य वेगाच्या एका मोठ्या घातांकाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, आणि एचएसएससाठी हा घातांक आठच्या आसपास धरला जातो. १.०८६ चा आठवा घात जवळजवळ १.९३ होतो. म्हणजे वेगातली ही किरकोळ वाटणारी वाढ कटरच्या धारेचे आयुष्य निम्म्यावर आणू शकते. वेग अखंड बदलता यावा असे वाटण्यामागे माझे पहिले कारण हे होते. पट्टे बदलण्याचा आळस हे दुसरे कारण, आणि पुढे दिसेल की त्याच दुसऱ्या कारणाने मला एकदा चुकीच्या वाटेवर नेले.

मूळ मोटर का ठेवता आली नाही

व्हीएफडी, म्हणजे मोटरला द्यायच्या विजेची वारंवारता बदलणारा ड्राइव्ह, थेट जुन्या मोटरला जोडता येईल का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कॅपॅसिटर-स्टार्ट मोटरच्या बाबतीत उत्तर नाही असे आहे. या मोटरमध्ये सुरू होण्यासाठी एक वेगळे गुंडाळे असते. ते कॅपॅसिटरमधून जोडलेले असते आणि मोटर ठरावीक वेगाला पोहोचली की सेंट्रिफ्युगल स्विच ते तोडतो. वारंवारता कमी करून मोटर सावकाश फिरवली की हा स्विच पुन्हा जोडला जातो, आणि काही सेकंदांसाठीच बनवलेले ते गुंडाळे सतत प्रवाह वाहून जळते. शिवाय त्या कॅपॅसिटरचे मूल्य ५० हर्ट्‌झ गृहीत धरून ठरवलेले असते. वारंवारता बदलली की त्याचा परिणामही बदलतो.

ब्रश असलेली डीसी मोटर आणि तिचा नियंत्रक हा दुसरा मार्ग होता. अनेक लहान यंत्रांत तो कारखान्यातूनच असतो. तरीही मी तीन-फेज इंडक्शन मोटर निवडली, कारण तिच्यात ब्रश नसतात, ती पूर्ण बंदिस्त मिळते म्हणून तिच्यात धातूचा कीस शिरत नाही, आणि एक-फेज पुरवठ्यातून तीन फेज तयार करणारे २३० व्होल्टचे ड्राइव्ह या शक्तीसाठी सहज मिळतात.

मोटर घेताना नामपट्टी नीट वाचावी लागते. एक-फेज २३० व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह बाहेर २३० व्होल्टपेक्षा अधिक देऊ शकत नाही, त्यामुळे मोटरवर २३० डेल्टा आणि ४०० स्टार असे लिहिलेले हवे (डेल्टा आणि स्टार या मोटरची तीन गुंडाळी जोडण्याच्या दोन पद्धती). ४०० डेल्टा आणि ६९० स्टार अशी मोटर येथे चालत नाही. योग्य मोटरही बहुधा कारखान्यातून स्टारमध्ये जोडून येते. ती तशीच ठेवली तर प्रत्येक गुंडाळ्याला २३० ऐवजी १३३ व्होल्ट मिळतात आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) एक-तृतीयांशावर येतो. मोटर फिरते, म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि दोष ड्राइव्हला दिला जातो. जोडपेटीतल्या तीन पितळी पट्ट्या डेल्टाच्या जागी लावणे हे माझे पहिले काम होते. चार ध्रुवांच्या या मोटरचा पूर्ण भाराचा वेग १४२०, डेल्टामधला प्रवाह ३.३ अँपियर आणि टॉर्क सुमारे ५ न्यूटन-मीटर आहे.

यांत्रिक बाजूचे काम अपेक्षेपेक्षा लांबले. जुनी मोटर ९० आकाराच्या सांगाड्याची होती, नवी ८० आकाराची. त्यामुळे शाफ्टचा व्यास २४ वरून १९ मिलिमीटरवर, शाफ्टची बाहेर आलेली लांबी ५० वरून ४० वर आणि चावीची (पुली शाफ्टवर घसरू न देणाऱ्या पट्टीची) रुंदी ८ वरून ६ वर आली. जुनी पुली वाया घालवायची नव्हती, म्हणून २.५ मिलिमीटर जाडीची, एका बाजूने चिरलेली बुश (पोकळ नळी) लेथवर केली आणि त्या चिरेतून जाणारी पायरीची चावी फाइलने जमवली: वर पुलीच्या खाचेसाठी ८, खाली शाफ्टच्या खाचेसाठी ६. बुश समकेंद्री नसेल तर पट्टा प्रत्येक फेऱ्याला ताणला आणि सैल होतो आणि ती थरथर थेट कामावर उमटते, म्हणून डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारे साधन) लावून पुलीची डगमग तपासली आणि ती शंभरांश मिलिमीटरच्या दोन-तीन भागांत येईपर्यंत बुश दोनदा नव्याने केली. हे दोन दिवस मला कधीच फुकट गेलेले वाटले नाहीत.

जुना स्विच आणि पहिला बिघाड

यंत्राच्या डोक्यावर मोटर पुढे-बंद-मागे फिरवणारा जुना ड्रम स्विच होता. हात थेट त्याच्याकडे जाण्याची सवय असल्याने मी तो ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये तसाच ठेवला. ड्राइव्ह सुरू ठेवायचा आणि चालू-बंद जुन्या स्विचने करायचे, असा विचार होता. पहिल्याच दिवशी स्विच पुढून मागे फिरवला आणि ड्राइव्ह अतिप्रवाहाचा दोष दाखवून बंद पडला.

ड्राइव्ह मोटरला शून्य वारंवारतेपासून हळूहळू वर नेतो. त्यामुळे सुरू होतानाचा प्रवाह आटोक्यात राहतो. मधल्या स्विचने मोटर तोडून पुन्हा जोडली की स्थिर किंवा उलट फिरणाऱ्या मोटरवर एकदम ५० हर्ट्‌झची पूर्ण वीज येऊन पडते, आणि इंडक्शन मोटर अशा वेळी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह मागते. घरच्या मुख्य लाइनला तो क्षणभर देता येतो, ड्राइव्हमधल्या ट्रान्झिस्टरना नाही. दुसरीकडे, चालू प्रवाह तोडताना गुंडाळ्यातली साठलेली ऊर्जा ठिणगीच्या आणि उंच व्होल्टेजच्या रूपाने बाहेर पडते. या वेळी संरक्षण वेळेवर चालले आणि काही जळले नाही. प्रत्येक वेळी तसेच होईल असे धरून चालता येत नाही. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या तारा कोठेही न तुटता थेट गेल्या पाहिजेत, हा नियम त्या दिवसापासून मी मोडलेला नाही.

मग जुना स्विच निदान ड्राइव्हच्या नियंत्रण टर्मिनलना जोडावा, असे वाटले. तेही सोडून दिले. त्याचे संपर्क कित्येक अँपियरसाठी बनलेले असतात आणि ठिणगीमुळेच स्वच्छ राहतात. ड्राइव्हचे नियंत्रण २४ व्होल्टवर काही मिलिअँपियरचे असते, आणि त्या संपर्कांवरचा गंजाचा थर तेवढ्या प्रवाहाने फुटत नाही. त्याऐवजी लहान संकेतांसाठीचे नवे पुश बटण आणि दिशेचा निवडक स्विच घेतला.

नियंत्रणाची रचना तीन तारांची केली: हिरवे बटण दाबल्यावर जोडणारे, लाल बटण दाबल्यावर तोडणारे, आणि दोन्ही सोडल्यावर आपल्या जागी परतणारी. यामागचे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. दाबलेल्या स्थितीत राहणारा साधा स्विच लावला तर वीज जाऊन परत आल्यावर काही ड्राइव्ह आपोआप मोटर सुरू करतात. त्या वेळी माणूस कदाचित कटर बदलत असेल, त्याचे बोट धारेवर असेल. तीन तारांच्या रचनेत वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय काहीही हलत नाही. दोष आल्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न करण्याची जी सोय ड्राइव्हच्या मेनूत असते, तिचा आकडाही याच कारणासाठी शून्यावर ठेवला.

वेगासाठी ५ किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलणारी खुंटी) यंत्राच्या डोक्यावर बसवला. त्याच्या तारा जाळीच्या आवरणाच्या आहेत, जाळी फक्त ड्राइव्हच्या टोकाला अर्थला (जमिनीला) जोडलेली आहे, आणि त्या मोटरच्या केबलपासून दूर नेल्या आहेत. मोटरची केबल मात्र चार तारांची, दीड चौरस मिलिमीटरची, जाळीची असून तिची जाळी दोन्ही टोकांना धातूच्या पट्टीने सर्व बाजूंनी आवळली आहे. ड्राइव्ह मोटरला सपाट लहरी देत नाही. तो सेकंदाला हजारो वेळा वीज जोडतो आणि तोडतो, आणि हा गोंगाट आवरला नाही तर पॉटवरचा वेग आपोआप डुलू लागतो.

पट्टा बदलायचा नाही, या हट्टाचा परिणाम

यंत्र सुरू झाले, पॉट फिरवला की वेग बदलू लागला, आणि मी पट्टे ७२० च्या जागी लावून झाकण कायमचे बंद केले. आता पट्ट्यांना हात लावायची गरज नाही, अशी माझी समजूत झाली. महिन्याभरात ती एका ५० मिलिमीटरच्या शेल मिलने (मोठ्या व्यासाच्या कटरने) मोडली.

काम माइल्ड स्टीलच्या पट्टीचे होते. ५० मिलिमीटर व्यासाला २५ मीटरच्या हिशोबाने १५९ फेरे हवे होते, म्हणून पॉटने वारंवारता ११ हर्ट्‌झवर आणली. रुंदी ३० मिलिमीटर, खोली २, टेबलाची चाल मिनिटाला ६०. कटर कामात शिरला, आवाज खोल होत गेला, आणि अर्ध्या पट्टीवर स्पिंडल थांबला. टेबल मात्र हाताने सरकतच होते. कटरचे दोन दात तुटले.

नंतर कागदावर मांडले तेव्हा कारण स्पष्ट झाले. त्या कापात मिनिटाला ३६०० घन मिलिमीटर धातू निघत होता. माइल्ड स्टीलच्या दर घन मिलिमीटरला सुमारे ३ ज्यूल धरले तर कटरवर १८० वॅट, आणि पट्टे व बेअरिंगमधला तोटा धरून मोटरवर सुमारे २१० वॅट हवे होते. ०.७५ किलोवॅटच्या मोटरला हे किरकोळ आहे. पण ड्राइव्ह ५० हर्ट्‌झच्या खाली व्होल्टेज आणि वारंवारता एकाच प्रमाणात कमी करतो, त्यामुळे मोटरचा टॉर्क फार तर तेवढाच राहतो. टॉर्क तोच आणि वेग कमी, म्हणजे शक्ती वेगाच्याच प्रमाणात घटते. ११ हर्ट्‌झला ७५० वॅटचे १६५ उरतात. तेही कागदावर. ११ हर्ट्‌झला मोटरला जेमतेम ५१ व्होल्ट मिळतात, आणि त्यांतला मोठा वाटा गुंडाळ्याच्या रोधातच खर्च होतो. चुंबकीय प्रवाह घटतो, आणि साध्या प्रमाणाच्या पद्धतीत प्रत्यक्ष टॉर्क आणखी खाली जातो.

तेच काम पट्टे २१० च्या जागी लावून केले तर १५९ फेऱ्यांसाठी मोटर ३८ हर्ट्‌झवर फिरते आणि जवळजवळ ५७० वॅट देऊ शकते. स्पिंडलवरचा टॉर्क ७२० च्या जागी १० न्यूटन-मीटरच्या आत असतो, २१० च्या जागी तो ३४ होतो. पट्टा आणि पुली टॉर्क वाढवतात; ड्राइव्ह टॉर्क वाढवत नाही, तो फक्त वेग कमी करतो. मला हे वाक्य आधीपासून माहीत होते, पण त्याचा अर्थ तुटलेले दात हातात घेतल्यावर कळला.

यानंतर दोन गोष्टी केल्या. ड्राइव्ह सेन्सरविना व्हेक्टर पद्धतीवर आणला. या पद्धतीत तो आधी मोटरच्या गुंडाळ्यांचा रोध स्वतः मोजतो आणि भार वाढेल तसे खालच्या वेगावरचे व्होल्टेज सावरतो. याने १५ हर्ट्‌झच्या आसपासची कमजोरी बरीच गेली. मेनूतला टॉर्क वाढवण्याचा साधा आकडा चढवून हाच परिणाम मिळवण्याचा मोह मी टाळला, कारण त्याने बिनभाराची मोटरही तापते, आणि कमी वेगावर शाफ्टवरचा पंखा सावकाश फिरत असल्याने ती उष्णता बाहेरही जात नाही.

दुसरी आणि खरी दुरुस्ती पट्ट्यांची. आठ जागांपैकी तीनच वापरायच्या ठरवल्या आणि वारंवारतेला खाली २० व वर ७० हर्ट्‌झची मर्यादा घातली. २१० च्या जागी यातून ८४ ते २९४ फेरे मिळतात, ७२० च्या जागी २८८ ते १००८, आणि १५०० च्या जागी ६०० ते २१००. वेगांच्या पहिल्या दोन कक्षा जेमतेम एकमेकींना भिडतात, दुसरी आणि तिसरी चांगल्याच एकमेकींवर येतात. वरची मर्यादा मुद्दाम २१०० वर अडवली आहे. १० मिलिमीटरच्या एचएसएस एंड मिलने ॲल्युमिनियम कापताना मिनिटाला ९० मीटरच्या हिशोबाने २८६५ फेरे हवे असतात, आणि ड्राइव्ह ते देऊ शकतो. पण स्पिंडलच्या बेअरिंगना बनवणाऱ्याने २१०० चीच खात्री दिलेली आहे. २१०० ला ६६ मीटर मिळतात आणि काम उत्तम होते. शिवाय ५० हर्ट्‌झच्या वर व्होल्टेज वाढत नसल्याने टॉर्क घटत जातो. ७० हर्ट्‌झला तो ७१ टक्क्यांवर येतो.

थांबवणे

सुरू करण्यापेक्षा थांबवण्यावर अधिक विचार करावा लागला. फिरणारी मोटर लवकर थांबवताना ती जनित्र होते आणि तिची ऊर्जा ड्राइव्हमध्ये परत येते. ड्राइव्हच्या आतील डीसी बाजू एरवी ३२५ व्होल्टच्या आसपास असते. जड फ्लाय कटर (एका दाताचा मोठा कटर) लावून एका सेकंदात थांबवण्याचा प्रयत्न केला की ती सुमारे ४०० व्होल्टपर्यंत चढे, ड्राइव्ह अतिव्होल्टेजचा दोष दाखवी आणि मोटर सोडून देई. म्हणजे जितक्या घाईने थांबवायला जावे तितका स्पिंडल जास्त वेळ फिरत राही. ब्रेकचा रोध जोडल्यावर ही ऊर्जा त्यात उष्णता होऊन जाते. त्या रोधाचे मूल्य ड्राइव्हच्या पुस्तिकेतील किमान ओहमपेक्षा कमी असता कामा नये, आणि तो तापतो म्हणून तो पेटीच्या बाहेर, जाळीच्या आवरणात बसवला आहे.

आणीबाणीच्या लाल मशरूम बटणासाठी दोन पर्याय होते: वीज ताबडतोब तोडायची, किंवा आधी ब्रेक लावून थांबवायचे आणि मग तोडायची. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या मानकात यांना अनुक्रमे शून्य आणि एक क्रमांकाची थांबण्याची श्रेणी म्हणतात. ताबडतोब तोडले तर स्पिंडल आपल्या वजनाने फिरत राहतो, म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. बटणाचा एक संपर्क ड्राइव्हला जलद थांबण्याचा आदेश देतो. दुसरा उशिराने सुटणाऱ्या रिलेमधून, दोन सेकंदांनंतर, ड्राइव्हच्या टॉर्क-बंद सुरक्षा टर्मिनलचा पुरवठा तोडतो. आदेश काही कारणाने पाळला गेला नाही तरी दोन सेकंदांनी मोटरचा जोर जातो.

पेटी उघडण्याबाबत एक गोष्ट सांगणे भाग आहे. मुख्य वीज बंद केल्यावरही ड्राइव्हचे मोठे कॅपॅसिटर भरलेले राहतात. पडदा काळा झाला म्हणजे ते रिकामे झाले असे नाही. पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे थांबून, मग डीसी टर्मिनलवर मीटर लावून पाहिल्याशिवाय मी आत हात घालत नाही.

याच सुमारास कार्यशाळेचा ३० मिलिअँपियरचा गळती-संरक्षक अधूनमधून पडू लागला. ड्राइव्हमधला गोंगाट गाळणारा फिल्टर थोडा प्रवाह अर्थमध्ये सोडतो. त्याच संरक्षकावरच्या दिव्यांची आणि इतर उपकरणांची गळती त्यात मिळाली की मर्यादा ओलांडली जात होती. ड्राइव्हला स्वतंत्र सर्किट आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा संरक्षक दिल्यावर हे थांबले. अर्थची तार सोडवून हा त्रास मिटवणारे लोक आहेत. तो उपाय जीवघेणा आहे.

सहा महिन्यांच्या वापरानंतर

ज्या फायद्याची मला कल्पना नव्हती तो सर्वांत आधी दिसला. एक-फेज मोटरचा टॉर्क पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेने, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, कमी-जास्त होतो. तीन-फेज मोटरचा टॉर्क जवळजवळ सपाट असतो. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) तुकड्यावर फ्लाय कटरचा शेवटचा हात फिरवल्यावर पूर्वी उजेडात तिरके धरले की बारीक लाटा दिसत; त्या आता दिसत नाहीत. यात माझ्या दोनदा केलेल्या बुशचा वाटा किती आणि मोटरचा किती, हे वेगळे करता येत नाही.

थरथरीवरचा उपायही हाती आला. लांब बाहेर आलेल्या तुकड्यावर १२ मिलिमीटरची चार दातांची एंड मिल ७२० फेऱ्यांवर किंचाळते, ६०० वर शांत होते. दात कामावर आपटण्याची गती सेकंदाला ४८ वरून ४० वर येते आणि तुकड्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळणारी लय मोडते. हा शांत वेग आधी हिशोबाने सांगता येत नाही. कान देऊन पॉट फिरवूनच तो सापडतो, आणि पायऱ्यांच्या पुलीवर तो शोधण्याची सोयच नव्हती.

८ मिलिमीटरचे आटे आता यंत्रावरच पाडतो: ६.८ चे भोक, पट्टे २१० वर, २४ हर्ट्‌झ म्हणजे मिनिटाला १०० फेरे, ठरलेल्या खोलीला थांबवून दिशा उलट. उलट दिशा फक्त स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच लागते, अशी मांडणी ड्राइव्हमध्ये केली आहे.

ड्राइव्हच्या पडद्यावर हर्ट्‌झ दिसतात, फेरे दिसत नाहीत. भारानुसार मोटर थोडी मागेही पडते. म्हणून स्पिंडलवर चुंबक आणि समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावून फेरे थेट मोजणारा आकडा डोक्यावर बसवला, आणि त्याच्या शेजारी तीन पट्ट्यांच्या जागांचा व त्यांच्या मर्यादांचा तक्ता चिकटवला. कटर बदलताना आधी तक्ता पाहतो, गरज असेल तर झाकण उघडून पट्टा हलवतो. पूर्वी आठ जागा होत्या तेव्हाही मी इतक्या तत्परतेने पट्टा हलवत नसे.

एक काम अजून अपुरे आहे. ड्राइव्ह कीस आणि तेलापासून वाचावा म्हणून भिंतीवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत, उभा आणि वरखाली मोकळी जागा ठेवून बसवला आहे. पण पूर्ण भारावर तो स्वतः काही दशक वॅट उष्णता सोडतो, आणि उन्हाळ्यात तासभर जड काप घेतल्यावर पेटीतली हवा तापलेली जाणवते. गाळणीचा पंखा लावला तर बीडाची काळी भुकटी आत ओढली जाईल, आणि ती विजेची वाहक आहे. म्हणून पेटी मोठी करायची, म्हणजे पत्र्याचे क्षेत्रफळच उष्णता बाहेर टाकील, असे ठरवले आहे. तोवर जड कापांच्या मध्ये विश्रांती देतो.